मामांच्या तेलातील लक्षणीय उणिवा

एखादी वस्तू खरी आहे की नाही, हे तिच्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी कळत नाही. तिच्याशेजारी दुसरी, खरी असलेली वस्तू ठेवावी लागते. दोन्ही सारख्या निघाल्या तर पहिलीही खरी. वेगळ्या निघाल्या तर पहिली खोटी. दुसरी खरी कशावरून, असा प्रश्न काही लोक विचारतात. अशा लोकांसाठी अभ्यागत कक्ष असतो. तिथे पंखा असतो, बाकडे असते, आणि दुपारी तीननंतर कुणी भेटत नाही.

मिश्र ऑलिव्ह तेल मूळ व घटक पडताळणी केंद्र याच भक्कम तत्त्वावर उभे आहे. (इमारत भाड्याची आहे, खाली चपलांचे दुकान आहे.) बाटलीवर "अकरा देशांतील निवडक ऑलिव्ह तेलांचे मिश्रण" असे छापलेले असते. ते देश अकराच आहेत, बारावा कुणी मध्ये घुसलेला नाही, आणि बाटलीत ऑलिव्हखेरीज दुसऱ्या कशाचे तेल नाही, याची खात्री कुणीतरी करून घ्यावी लागते. ती खात्री दुसऱ्या मजल्यावर होते. गेल्या एकोणीस वर्षांत केंद्राने ४१,३१६ नमुने तपासले आणि त्यांतले ४१,३१६ पास केले. त्याआधीच्या काळात निम्मे नमुने नापास होत असत. त्या काळाचा उल्लेख वार्षिक अहवालात "सुरुवातीच्या अडचणी" असा केला जातो.

या प्रगतीचे श्रेय एका व्यक्तीला आहे. वरिष्ठ पडताळणी अधिकारी म्हणून त्यांचे नाव दारावर आहे, पण सगळे केंद्र त्यांना नुसते "बाई" म्हणते. बाई एकावन्न वर्षांच्या आणि काटेकोर. चहात अर्धा चमचा साखर सांगितली, तर ती अर्धाच चमचा आहे ना, हे ढवळण्याआधी पाहून घेणाऱ्या. घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवणे ही त्यांना स्वतःशीच केलेली लबाडी वाटते. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक प्रशंसापत्र काचेत लावलेले आहे. ते एकोणीस वर्षांपूर्वीचे आहे आणि त्याचा विषय "मूळ नमुना कधीही न संपण्याची पद्धत" असा आहे.

मूळ नमुना म्हणजे ती दुसरी, खरी असलेली वस्तू. थंड कपाटात पाच लिटरचा एक स्टीलचा डबा असतो. कपाटाला दोन कुलपे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असाव्यात असा नियम आहे. (दोन्ही किल्ल्या बाईंच्या खणात असतात, कारण त्या कपाटाच्या गारठ्याने संचालकसाहेबांना शिंका येतात.) केंद्र सुरू झाले तेव्हा एका नावाजलेल्या बागेतून, चार साक्षीदारांसमोर, झाडावरून उतरलेल्या फळांचे तेल काढून ते या डब्यात भरले होते. कोणताही नमुना आला की यंत्र त्याची वाफ करून तिची नागमोडी रेषा कागदावर काढते. शेजारी मूळ नमुन्याची रेषा. दोन्ही रेषा शंभरात पंचाण्णव जुळल्या की शिक्का.

अडचण एकच होती. दर आठवड्याला सगळे मिळून तीस मिलिलिटर मूळ नमुना खर्च होई. काही वर्षांत डब्याचा तळ दिसू लागला. नवीन नमुना आणण्यासाठी केंद्राने वर पत्र पाठवले. वरून उत्तर आले की नवीन नमुना खरा आहे याची खात्री आधी जुन्या नमुन्याशी ताडून करावी. त्यासाठी जुना पुरेसा उरला नव्हता. या पत्रव्यवहारात तीन वर्षे गेली.

तेव्हा बाई नव्या होत्या, हुशार होत्या, आणि त्यांनी तर्काने विचार केला. जे तेल पास होते, ते मूळ नमुन्यासारखेच असते. म्हणून तर ते पास होते. मग पास झालेले तेल डब्यात ओतले तर बिघडले कुठे? दह्याचे विरजण कधी संपते का? कालच्यातून आजचे, आजच्यातून उद्याचे. दर तिमाहीला पास झालेल्या तेलातले चारशे मिलिलिटर डब्यात ओतायचे, नोंदवहीत नोंद करायची आणि सही करायची. वरच्या कार्यालयाने पद्धत मान्य केली, प्रशंसापत्र दिले, आणि त्यानंतर केंद्राला तेलाची कमतरता कधीच भासली नाही.

सगळे असे सुरळीत चाललेले असताना बाईंचे मामा तेल घेऊन आले.

मामांनी तीस वर्षे बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी टेकडीच्या उतारावर ऑलिव्हची बेचाळीस झाडे लावली. घरच्यांना वाटले, हौस आहे, चार दिवसांत फिटेल. मामा मात्र झाडांना रोज सकाळी वेळापत्रकाप्रमाणे भेट देत राहिले. पहिली काही वर्षे जे थोडे तेल निघाले ते नातेवाइकांतच वाटून संपले. यंदा पहिल्यांदा भरपूर फळ आले. मामांनी ते हाताने तोडले, त्याच दिवशी घाण्यावर नेले, आणि दोनशे दहा लिटर तेल घेऊन परतले. तीनशे बाटल्यांचा माल. बाजारातल्या मोठ्या दुकानदाराने एक फळी रिकामी ठेवायचे कबूल केले होते. अट एवढीच, की केंद्राचा दाखला हवा आणि तो महिनाअखेरपर्यंत हवा. दर वर्षी याच महिन्याच्या अखेरीला मिश्रण कारखान्याचा टँकर येतो आणि ज्याच्याकडे जे उरले असेल ते घेऊन जातो. पुढचा टँकर थेट पुढच्या वर्षी.

"चिमणे," मामा म्हणाले. (बाईंना या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस उरला आहे, आणि तो नेमका कार्यालयात, सगळ्यांसमोर मारतो.) "तीस वर्षं बस चालवली. लोक म्हणायचे, बस आली. कुणी कधी म्हणालं नाही, हा आला. एकदा दुकानातल्या फळीवर आपली बाटली बघायची आहे गं. मग मी गप्प बसेन."

"तू कधी गप्प बसलायस मामा?"

"बाटलीकडे बघत गप्प बसेन."

लेबले त्यांनी आधीच छापून आणली होती. त्यांवर लिहिले होते : "टेकडीवरचं तेल. बेचाळीस झाडं, एक माणूस."

अर्ज भरताना पहिली अडचण आली. "मूळ देश (किमान दोन)" या रकान्यात मामांनी "टेकडी" असे लिहिले. खिडकीवरच्या कारकुनाने दुसरे मूळ विचारले. मामांनी थोडा विचार करून "टेकडीची पलीकडची बाजू" असे लिहिले. अर्ज स्वीकारला गेला.

दुसरी अडचण बाईंची होती. नातेवाइकाचा नमुना तपासायचा नाही असा नियम आहे, आणि बाई नियम मोडत नाहीत. त्यांनी नात्याचा तक्ता काढला. त्यात आई, वडील, पती, पत्नी, मुले, भाऊ, बहीण, सासू आणि सासरे होते. मामा नव्हते. म्हणजे नियमानुसार मामा त्यांचे कुणी लागत नव्हते. हे वाचून बाईंना क्षणभर वाईट वाटले आणि मग त्यांनी यंत्र सुरू केले.

निकाल आला : एकसष्ट टक्के.

बाईंनी पुन्हा तपासले. एकसष्ट. यंत्राची नळी बदलली. एकसष्ट. यंत्राचा मेकॅनिक बोलावला. त्याने दोन स्क्रू आवळले, एक ढिला केला आणि पावती दिली. साठ पूर्णांक आठ. मामांच्या तेलाची रेषा होती सुरेख, पण मूळ नमुन्याच्या रेषेवर जिथे सातवे, आठवे आणि नववे शिखर असते, तिथे मामांची रेषा सपाट होती.

नियमाप्रमाणे नमुना चाखणाऱ्यांच्या मंडळाकडे गेला. हे आठ जण एका खोलीत आठ आडोशांमागे बसतात, म्हणजे एकाचे तोंड वाकडे झालेले दुसऱ्याला दिसू नये. तेल अठ्ठावीस अंशांपर्यंत कोमट करून निळ्या काचेच्या पेल्यातून देतात, म्हणजे रंग दिसू नये. दोन घोटांमध्ये सफरचंदाची फोड खायची असते. (केंद्राचा फळांवरचा खर्च हा लेखापरीक्षणात कायम वादाचा विषय असतो.) मंडळाचे प्रमुख पूर्वी अत्तराच्या दुकानात होते. त्यांना सगळे नाकतात्या म्हणतात. मंडळाची जीभ बिघडू नये म्हणून दर सोमवारी सकाळी ते आठही जणांना मूळ नमुन्याचा एकेक घोट देतात. एकही सोमवार चुकलेला नाही.

नाकतात्यांनी मामांच्या तेलाचा घोट घेतला आणि तीनदा खोकले.

"बाई, हे घशाला चरचरतंय."

"तात्या, आपल्या पुस्तकात चरचर हा गुण म्हणून दिलाय. कडवटपणा आणि हिरवा वासही."

"पुस्तक मी वाचलंय. पुस्तकाला घसा नाही."

आठांपैकी आठ जणांनी दोष नोंदवला. एकाने शेऱ्यात "ताज्या गवतासारखा संशयास्पद वास" असे लिहिले. एकाने दोन फोडी जास्त खाल्ल्या.

अशा रीतीने मामा केंद्राच्या एकोणीस वर्षांतले पहिले नापास ठरले. नापासाचा शिक्का शोधायला अर्धा दिवस गेला. तो सापडला तेव्हा त्याचे पॅड इतके वाळले होते की पाणी घालून भिजवावे लागले. अहवालात लिहिले होते : "नमुन्यात अपेक्षित घटकांची लक्षणीय उणीव. मूळ : केवळ एकच आढळले."

संध्याकाळी बाईंच्या आईचा, म्हणजे मामांच्या बहिणीचा, फोन आला.

"अगं, नापास केलंस त्याला? खांद्यावर बसवून फिरवलंय त्याने तुला!"

"आई, मी तेल नापास केलंय. मामाला नाही."

"एकच ते. आणि इतकी वर्षं आपण त्याचं तेल खातोय ते काय मग?"

"ते... प्रमाणाशी जुळत नाही."

"आणि तुझी ती दुकानातली शिक्क्याची बाटली?"

"ती पास आहे."

"मग ती मी दाराच्या बिजागरीला का घालते?"

बाईंना यावर नियम आठवेना. त्यांनी फोन ठेवला. मग उठून कपाटातली मामांची जुनी बाटली काढली, शेजारी दुकानातली ठेवली, आणि पावाच्या दोन तुकड्यांवर दोन्ही चाखली. एकाने त्यांना ठसका लागला. दुसऱ्याने काहीच झाले नाही. बिजागरी का कुरकुरत नाही हे त्यांच्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिखरांचे पुस्तक काढले. यंत्र शिखराचे नाव सांगत नाही, नुसता क्रमांक देते. नाव पुस्तकात पाहावे लागते. एकोणीस वर्षांत ते पाहण्याची वेळ कुणावर आली नव्हती, कारण शिखरे नेहमी जुळत. सातवे शिखर सूर्यफुलाचे होते. आठवे सरकीचे. नवव्यापुढे पुस्तकात "खाद्य नसावे" एवढेच लिहिलेले होते.

ही शिखरे मामांच्या तेलात नव्हती हे ठीक. ती मूळ नमुन्यात काय करत होती?

बाईंनी नोंदवह्या मागवल्या. पहिल्या वर्षी डब्यात ओतलेले तेल मूळ नमुन्याशी शहाण्णव टक्के जुळत होते. दुसऱ्या वर्षीचे पंचाण्णव टक्के जुळत होते, पण ते पहिल्या वर्षीच्या डब्याशी. तिसऱ्या वर्षीचे सत्त्याण्णव, दुसऱ्या वर्षीच्या डब्याशी. प्रत्येक पाऊल नियमात बसत होते. फक्त एकोणीस वर्षांत शहात्तर पावले झाली होती आणि चालता चालता केंद्र भलत्याच गावाला पोहोचले होते. प्रत्येक नोंदीखाली सही होती. सही सुवाच्य होती, तारखेसह होती, आणि बाईंची होती.

त्या रात्री त्यांना झोप लागली. (त्या काटेकोर आहेत, झोपेची वेळ चुकवत नाहीत.) सकाळी मात्र त्यांनी चहात साखर किती पडली हे पाहिले नाही आणि सरळ संचालकांना पत्र लिहिले : मूळ नमुना भ्रष्ट झाला आहे, तो माझ्या पद्धतीमुळे झाला आहे, नवीन आणावा, प्रशंसापत्र परत घ्यावे.

संचालकसाहेब भला माणूस. ते कुणावर ओरडत नाहीत. त्यांना फक्त दमल्यासारखे वाटते. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि बाईंना बसायला सांगितले.

"बाई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण नमुना चुकीचा आहे, हे तुम्ही कशाशी ताडून ठरवलंत?"

"मामांच्या तेलाशी, साहेब."

"जे नापास आहे."

"ते नापास आहे, कारण नमुना चुकीचा आहे."

"आणि नमुना चुकीचा आहे हे सांगणारा पुरावा नापास आहे. बघा बाई, मला काही म्हणायचं नाही, पण हे तुम्हीच कागदावर मांडून बघा."

बाईंनी मनातल्या मनात मांडून पाहिले. साहेबांचा तर्क सरळ होता. तो त्यांचाच होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा.

"तरीही शंकेला जागा नको," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे मूळ नमुना तपासून घ्या."

"कशाशी?"

"मूळ नमुन्याशी."

तपासणी झाली. निकाल शंभर टक्के आला. हा केंद्राच्या इतिहासातला सर्वोत्तम निकाल असल्याने साहेबांनी तो फलकावर लावायला सांगितला.

"आणि दुसरं," ते दाराशी म्हणाले, "एक्केचाळीस हजार नमुने पास केलेत आपण. लोकांनी ते तेल खाल्लंय. आवडीनं खाल्लंय. आता त्यांना सांगायचं, की तुम्हाला आवडलं ते खरं नव्हतं? हा त्यांच्या जिभेचा अपमान आहे, बाई. आपण ग्राहकांसाठी आहोत."

महिना संपायला नऊ दिवस होते. मामा अभ्यागत कक्षात पंख्याखाली बसले होते. बाईंनी त्यांना सगळे सांगितले, स्वतःच्या सहीसकट. मामांनी ऐकून घेतले.

"म्हणजे तू माझ्या तेलाला तुझ्या चुकीच्या शेजारी उभं केलंस, आणि ते तिच्यासारखं दिसेना."

"हो."

"आणि आता काय, दिसायला लावू? ओतू चार डबे सूर्यफूल?"

"मामा!"

"अगं, विचारलं. किती ओतलं तर पास होईल?"

बाईंना ते प्रमाण तोंडपाठ होते, आणि ते सांगितले असते तर तिथल्या तिथे दाखला मिळाला असता. त्यांनी सांगितले नाही. मामाही पुन्हा विचारायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी लेबलांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि पंखा बंद करून टाकला, कारण खोलीत आता कुणी बसणार नव्हते.

त्याच दुपारी बाईंना नियम एकतीस सापडला. अर्जदाराला निकाल मान्य नसेल तर ग्राहक ओळख चाचणी मागता येते. शंभर ग्राहकांना नाव न सांगता दोन तेले चाखवायची. शंभरांपैकी साठांनी अर्जदाराचे तेल ऑलिव्हचे म्हणून ओळखले, तर मंडळ, यंत्र आणि संचालक यांच्या नाकावर टिच्चून दाखला द्यावा लागतो. हा नियम कुणी लिहिला असेल, याचे बाईंना राहून राहून नवल वाटले. लिहिणाऱ्याचा माणसांवर विश्वास असावा.

शनिवारी सकाळी, त्याच मोठ्या दुकानात, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी टेबल मांडले गेले. पेला "अ" : मामा. पेला "ब" : दुकानातले सर्वाधिक खपाचे मिश्रण. पावाचे तुकडे, सफरचंदाच्या फोडी, क्रमांकाच्या चिठ्ठ्या. अर्जदाराने पाच मीटरच्या आत यायचे नव्हते. मामा ट्रॉली घेऊन ग्राहकासारखे फिरत होते. ट्रॉलीत एक साबण होता. सकाळभर ते त्याच साबणासह साडेपाच मीटरवरून ये-जा करत होते. रिकामी ठेवलेली फळी तिथून नीट दिसत होती.

पहिल्या दहा जणांत दोघांनी "अ"कडे बोट दाखवले. मामांनी बाईंना दुरून अंगठा दाखवला. बाईंनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. परीक्षकाने खुणा करायच्या नसतात. मग रांग वाढली.

लोक "अ" चाखत, थबकत, आणि शेजारच्याकडे पाहत. "ब" चाखून मान डोलावत. शेरे असे पडत गेले : घशाला लागते. जास्तच चव आहे. रसायन असावे. झाडपाल्यासारखे लागते. (ऑलिव्ह हे झाड असल्याचे बाईंनी सांगितले नाही, परीक्षकाने माहिती पुरवायची नसते.)

ग्राहक क्रमांक ८७ यांच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्या वेळेपर्यंत रांग कंटाळली होती आणि तिला जाग त्यांनी आणली. क्रमांक ८७ जाणकार होते. टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांनी मागच्या चौघांना भेसळ कशी करतात ते समजावून सांगितले होते. लोकांना काहीही कसे खपवता येते, अधिकारी कसे डोळे मिटून शिक्के मारतात, आणि सामान्य माणूस लेबलसुद्धा कसे वाचत नाही, यावर त्यांची मते ठाम होती आणि सगळी बरोबर होती. बाईंना ऐकताना बरे वाटले. असे साठ हवेत, त्यांच्या मनात आले.

"आमच्याकडे फक्त शुद्धच येतं," क्रमांक ८७ म्हणाले. "फसवणं शक्य नाही. आम्ही वाचणारी माणसं."

त्यांनी "अ"चा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आले. ठसका लागला. रुमाल काढावा लागला.

"हे ऑलिव्ह नाहीच! यात काहीतरी मिसळलंय. जळजळतंय बघा, इथे."

मग "ब". त्यांचा चेहरा निवळला.

"हं. हे खरं. खाल्लंय हे कळतसुद्धा नाही, इतकं शुद्ध."

जाता जाता ते साबणाच्या ट्रॉलीपाशी थांबले आणि मामांच्या दंडाला हात लावून म्हणाले, "तुम्हीपण जपून घ्या हं. लोक काहीही विकायला आणतात हल्ली."

"बरं झालं सांगितलंत," मामा म्हणाले.

निकाल : "ब" ऑलिव्ह म्हणून ओळखणारे, एक्क्याण्णव. सांगता येत नाही म्हणणारे, तीन (पैकी एकाला सर्दी). "अ" ओळखणारे, सहा. या सहांमध्ये बावन्न क्रमांकाचे गृहस्थ टोपी घातलेले मामाच निघाल्याने ते मत बाद झाले. उरले पाच. साठांना पंचावन्न कमी.

महिनाअखेरीला टँकर आला. मामांनी टँकरच्या चालकाशी आधी क्लचबद्दल चर्चा केली, ब्रेकबद्दल सल्ला दिला, आणि मग आपले दोनशे दहा लिटर पाइपातून वर जाताना पाहिले. शिडीवर चढून त्यांनी झाकणातून आत डोकावले.

"काय दिसतंय?" खालून बाईंनी विचारले. त्या अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आल्या होत्या.

"गर्दी आहे," मामा म्हणाले. "पण उभं राहायला जागा मिळाली." ते खाली उतरले, हात पुसले. "चल. पुन्हा बसच आली म्हणायची."

कारखान्यात ते तेल बावन्न हजार पाचशे लिटरच्या टाकीत गेले. टाकीतला नमुना पुढच्या तिमाहीत केंद्रात आला. अकरा देश. सत्त्याण्णव टक्के. पास. आणि तिमाही संपत आल्याने, नव्या नमुन्यासाठी बाईंनी साहेबांना वगळून थेट वर पाठवलेल्या पत्राचे उत्तर न आल्याने, आणि मंडळाचा सोमवार तोंडावर आल्याने, बाईंनी नियमाप्रमाणे त्यातले चारशे मिलिलिटर मूळ नमुन्याच्या डब्यात ओतले आणि सही केली.

सही करताना त्यांनी हिशेब केला. दोनशे दहा भागिले बावन्न हजार पाचशे. त्यांनी मामांना फोन लावला.

"मामा, तू मूळ नमुन्यात आलास. आत्ता अगदी थोडा आहेस, पण दर वर्षी टँकरला तेल घातलंस तर वाढत वाढत हजारात चारपर्यंत जाशील."

"आणि पुढे?"

"पुढे नाही. त्याच्या वर कधीच नाही. मी मांडून बघितलं."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. इतका वेळ ते गप्प राहिल्याची कुटुंबात नोंद नाही.

"हजारात चार," ते म्हणाले. "शाळेत मला एवढे कधी पडले नव्हते."

बाईंनी त्यांच्याकडून एक लेबल मागून घेतले. ते आज कुलूपबंद कपाटात, मूळ नमुन्याच्या डब्याच्या पाठीमागच्या बाजूला चिकटवलेले आहे : "टेकडीवरचं तेल. बेचाळीस झाडं, एक माणूस." लेबलावरचा मजकूर वस्तुस्थितीला धरून असावा हा केंद्राचा नियम असल्याने त्याखाली बाईंनी अचूक टक्केवारी लिहिली आहे. ती पेन्सिलीने लिहिली आहे, कारण ती वाढायची आहे. भिंतीवरच्या प्रशंसापत्राच्या जागी आता फळांच्या खर्चाचे परिपत्रक लावले आहे, चौकट तीच.

राहता राहिले ग्राहक क्रमांक ८७. चाचणीत भाग घेणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवावी लागते, त्यामुळे त्यांचे नाव इथे देता येत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात शिक्क्याची बाटली आहे आणि ती कधीही घशाला लागत नाही, एवढे सांगण्यास हरकत नसावी. ते अजूनही सगळे नीट वाचतात. ही हकिकतही ते आत्ताच वाचून संपवत आहेत. वाचताना त्यांनी केंद्राच्या कारभारावर निदान तीनदा मान हलवली आहे, आणि क्रमांक ८७ म्हणजे नेमके कोण असावेत, याबद्दल त्यांच्या डोळ्यांसमोर ओळखीतली दोन-तीन माणसे आलेली आहेत.